‘कंट्रोल’: नाम की क्रियापद?

पेपर वाचताना ‘कंट्रोल’ शब्द दिसला की आधी बघा, तो नाम आहे की क्रियापद. नाम असेल तर बहुतेक वेळा तुलनेसाठी घेतलेला गट, उदाहरणार्थ नवं औषध न दिलेले रुग्ण. क्रियापदापुढे ‘फॉर’ आला की मात्र प्रकरण वेगळं. ‘वी कंट्रोल्ड फॉर स्मोकिंग’ म्हणजे संशोधकांनी कुणाची सिगारेट सोडवली नाही! समजा, कॉफी पिणाऱ्यांत हृदयविकार जास्त दिसला, पण त्यांच्यात सिगारेट ओढणारेही जास्त असतील तर? म्हणून ओढणाऱ्यांची तुलना ओढणाऱ्यांशीच, न ओढणाऱ्यांची न ओढणाऱ्यांशी, आणि मग कॉफीचा हिशेब. हे मराठीत ‘धूम्रपानावर नियंत्रण ठेवले’ असं लिहिलंत, तर वाचणारा भलताच प्रयोग समजेल. ‘धूम्रपानाचा परिणाम वेगळा काढून’ असं लिहा. वाक्य लांबलं तरी चालेल.