एका हातात वल्हे, दुसऱ्या हातात वही

खेड : खाडीकाठच्या पोराला वल्हे मारायला मुद्दाम शिकवावे लागत नाही. जगबुडी खाली वाशिष्ठीला मिळते आणि वाशिष्ठी दाभोळला समुद्रात जाते. रस्ते नव्हते तेव्हा भरतीच्या पाण्याबरोबर लहान होड्या दाभोळकडून पार खेडपर्यंत येत असत. आता पूल झाले, गाड्या आल्या. तरी मासेमारी करणाऱ्या घरांतली पोरे अजून होडीवरच वाढतात. पण हाच पोरगा कॉलेजात गेला आणि "मला नौकानयनाच्या स्पर्धेत उतरायचंय" म्हणाला, तर घरचे काय म्हणतील? "होडी वल्हवून कोणाचं पोट भरलंय? आधी परीक्षा पास हो!"

आई-बापांचा हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच त्याचे उत्तर नीट शोधायला हवे.

विहिरीच्या खड्ड्यातून ऑलिंपिककडे

उत्तराची सुरुवात खाडीकाठी नाही, दुष्काळी भागात होते. नाशिक जिल्ह्यात चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. तिथला दत्तू बबन भोकनळ हा विहिरी खोदणाऱ्याचा मुलगा. शाळा मध्येच सुटली आणि तो बापाबरोबर विहिरीच्या कामावर जाऊ लागला. पुढे पेट्रोल पंपावर काम करीत त्याने शिक्षण पुन्हा धरले. वडील गेले, घराचा भार अंगावर आला. २०१२ साली तो सैन्यात भरती झाला आणि तिथे पहिल्यांदा शर्यतीच्या नावेत बसला. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, २०१६ साली, रिओ ऑलिंपिकमध्ये तो भारताचा एकमेव नौकानयनपटू होता. एकेरी शर्यतीत त्याचा १३ वा क्रमांक आला.

२०१८ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत एकेरी शर्यतीत तब्येतीने दगा दिला आणि तो शेवटी राहिला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या नावेत बसून त्याने सुवर्णपदक आणले. २०२० सालचा अर्जुन पुरस्कारही त्याला मिळाला.

ज्या गावात प्यायच्या पाण्याची ओढाताण, तिथला पोरगा वल्ह्यावर जगापुढे गेला. मग बारमाही खाडी ज्यांच्या दारात आहे, त्यांचे काय? मात्र दत्तूच्या कहाणीतली दुसरी बाजूही पाहावी. त्याचे शिक्षण परिस्थितीने अडवले होते. आपल्या पोरांचे शिक्षण खेळाने अडू नये, हा खरा मुद्दा आहे.

जोर हातात नाही, पायांत

होडी वल्हवणे आणि शर्यतीची नाव चालवणे यांत फरक आहे. ऑलिंपिकची शर्यत २ हजार मीटरची असते. एकेरी नाव सुमारे ८ मीटर लांब, पण वजनाला जेमतेम १४ किलो. म्हणजे धान्याच्या अर्ध्या पोत्याहूनही हलकी! बसायची पाटी चाकांवर पुढे-मागे सरकते, पाय फळीला बांधलेले असतात. खेळाडू पाठमोरा बसतो आणि पायांनी रेटा देऊन नाव पुढे काढतो. निम्म्याहून जास्त जोर पायांचा असतो, हात शेवटी येतात. डोंगर चढून शाळेत जाणाऱ्या आणि डोक्यावरून भारे वाहणाऱ्या पोरापोरींकडे हा जोर असतोच. लागते ती शिस्त आणि रोजचा सराव.

कॉलेजवाले कसे जमवतात?

इंग्लंडात ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांची नौकाशर्यत १८२९ साली सुरू झाली. सुमारे पावणेसात किलोमीटरच्या या शर्यतीत वल्हे मारणारे सगळे त्या विद्यापीठांत शिकणारेच असावे लागतात. इतके लांब कशाला, आपल्या पुण्यातच बघा. १८५४ साली सुरू झालेल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८ सालचा आहे. मुळा-मुठेच्या संगमाजवळ तिथली पोरे-पोरी नाव चालवतात आणि 'रेगाटा' नावाचा नौकांचा उत्सव स्वतः भरवतात. २०२२ साली या कॉलेजला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. इंजिनिअरिंगचा अभ्यास काही हलका नव्हे, तरी शंभरेक वर्षे हे चालू आहे.

याचे गणित सोपे आहे. सराव पहाटे, तास सुरू होण्याआधी. जमल्यास संध्याकाळी पुन्हा तासभर. मधला वेळ कॉलेजचा, रात्री अभ्यास आणि वेळेवर झोप. जागरण, टपरीवरचा टाइमपास आणि मोबाईल यांतून जो वेळ वाचतो, तोच खेळाला मिळतो. अभ्यासाचा वेळ खेळाला द्यायचा नाही, हा पहिला नियम.

आपल्या जिल्ह्यातही वाट आहे. रत्नागिरीत एनसीसीची नौदल शाखा, म्हणजे २ महाराष्ट्र नेव्हल युनिट आहे. नौदल शाखेच्या शिक्षणात 'बोट पुलिंग' असते. पाच वल्ह्यांची जड व्हेलर नाव पाच जणांनी एका तालात ओढायची. अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात याच्या स्पर्धा होतात. कॉलेज करता करता 'बी' आणि 'सी' प्रमाणपत्रही मिळते, ते भरतीच्या वेळी कामास येते.

लावणी आणि परीक्षा सांभाळून

शेतकऱ्याच्या घरात आणखी एक अडचण असते, ती म्हणजे शेतीच्या कामांची. पण वर्षाची मांडणी केली तर ती सुटते. जून-जुलैत लावणी असते, तेव्हा नद्या उधाणलेल्या आणि पाण्यावरचा सराव तसाही बंद. त्या दिवसांत धावणे, डोंगर चढणे, दंड-बैठका. चिखलणी हा तर फुकटचा व्यायाम! ऑक्टोबरात कापणी आणि पहिल्या सत्राची परीक्षा. त्यानंतर पाणी निवळते आणि मार्चपर्यंत सरावाचा खरा हंगाम. एप्रिलच्या परीक्षेआधी महिनाभर सराव निम्मा करावा. आहाराला महागडे डबे नकोत. नाचणीची भाकरी, कुळीथ, मासे, अंडी आणि पोटभर भात घरचाच आहे.

पदरात काय पडते?

दहावी-बारावीला पात्र खेळाडूंना वाढीव क्रीडागुण मिळतात. त्याचा प्रस्ताव शाळा किंवा कॉलेजमार्फत वेळेत जावा लागतो. मुंबई विद्यापीठाच्या नियमांतही खेळ, एनसीसी आणि एनएसएस करणाऱ्यांसाठी सवलतीच्या गुणांची तरतूद आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मात्र कोणत्या स्पर्धेचे प्रमाणपत्र चालते ते जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत आधी विचारावे आणि क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी. दलालाच्या हातून आणलेला कागद शेवटी गळ्याशी येतो.

गावाने काय करावे?

शर्यतीची नाव लाखांच्या घरात जाते, ती एकट्या शेतकऱ्याला झेपणार नाही. पण सुरुवातीला नावेची गरजही नसते. सरपंच, ग्रामसेवक आणि शिक्षकांनी खाडीकाठच्या पोरापोरींची यादी करावी आणि त्यांना एनसीसीची माहिती द्यावी. नातूवाडी धरणासारख्या शांत पाण्यावर सराव करता येईल का, हे पाटबंधारे खात्याला लेखी विचारावे. खाडीतल्या धक्क्यासाठी मेरिटाईम बोर्डाकडे जावे.

सुरक्षेत हयगय नको. जगबुडीत मगरी आहेत आणि २२ जुलै २०२१ चा पूर कोणी विसरलेले नाही. पोहता येत नसेल तर नावेत पाय ठेवायचा नाही. लाइफ जॅकेट अंगात हवे, सोबत दुसरी होडी हवी आणि भरती-ओहोटीची वेळ जाणत्या माणसाला विचारलेली हवी.

बारावी झाली की पोरगा मुंबईची गाडी पकडतो, ही आपल्याकडची जुनी रीत. सगळेच काही ऑलिंपिकला जाणार नाहीत. पण पहाटे उठून वल्हे मारणारा आणि रात्री पुस्तक उघडणारा पोरगा जिथे जाईल तिथे टिकेल. तेव्हा पोरगा पाण्याकडे निघाला की त्याला अडवू नका. एवढेच विचारा, "काल रात्री वही उघडली होतीस का?"