वनस्पतींतील सत्त्व आणि स्तनांचा कर्करोग

अंगणातील तुळस, परसातील अडुळसा आणि स्वयंपाकघरातील हळद यांवरील भारतीय गृहिणीचा विश्वास फार जुना आहे. खोकला, पडसे, कापणे, खरचटणे अशा बारीकसारीक तक्रारींत तो सहसा वायाही जात नाही. परंतु स्तनात एखादी गाठ हाताला लागते, तेव्हा हाच विश्वास कधी कधी घातक ठरतो. आधी झाडपाला करून पाहू, या विचारात महिने निघून जातात. भारतातील स्त्रियांमध्ये आज सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग स्तनांचाच आहे आणि त्यावरील उपचार जितका लवकर सुरू व्हावा तितका गुणकारी ठरतो. म्हणूनच वनस्पतीत कर्करोगावरील औषध असते काय, हा प्रश्न नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

असते, हे त्याचे निर्विवाद उत्तर होय. मात्र ते वृक्षापासून रुग्णापर्यंत कसे येते, हे पाहिल्यावाचून त्या उत्तराचा खरा अर्थ ध्यानात येत नाही. या दृष्टीने टॅक्सॉल या औषधाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० साली वनस्पतींचे अर्क पद्धतशीरपणे तपासण्याचे कार्य हाती घेतले. १९८२ पर्यंत एक लाखाहून अधिक अर्क तपासले गेले. याच कार्यासाठी १९६२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर बार्कले या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातील अरण्यातून पॅसिफिक यू या वृक्षाची साल गोळा केली. लाकूडतोड्यांच्या लेखी त्या वृक्षाला काडीचीही किंमत नव्हती. त्याच्या अर्काचे पृथक्करण नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी केले. यांतील वाणी हे मूळचे नंदुरबारचे. १९२५ साली तेथे जन्मून, मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्राचे शिक्षण घेऊन ते अमेरिकेस गेले होते. सुमारे बारा किलो वाळलेल्या साल-खोडातून त्यांच्या हाती अवघे अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य आले. त्याची रेणुरचना त्यांनी १९७१ साली प्रसिद्ध केली.

हे द्रव्य पेशीत नेमके काय करते, हे न्यूयॉर्कमधील सूझन हॉरविट्झ यांनी १९७९ साली दाखवून दिले. एका पेशीच्या दोन पेशी होताना तिच्या आत अतिसूक्ष्म नलिकांचा एक सांगाडा उभा राहतो आणि काम होताच मोडतो. जणू लग्नघरचा मांडव. सदाफुलीपासून मिळणारी औषधे हा मांडव उभारूच देत नाहीत. टॅक्सॉलची तऱ्हा याच्या अगदी उलट. ते उभारलेला मांडव सोडू देत नाही. परिणाम मात्र एकच: पेशीचे विभाजन अडते आणि ती मरते. कर्करोगाच्या पेशी सतत विभागत असल्याने त्यांना हा फटका अधिक बसतो. परंतु केसांच्या मुळांतील आणि रक्त निर्माण करणाऱ्या निरोगी पेशीही त्यातून सुटत नाहीत. केस गळतात व पांढऱ्या रक्तपेशी घटतात, ते यामुळेच.

शिवाय हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही. एरंडेलापासून तयार केलेल्या एका विशेष द्रावकाचे साहाय्य घेऊन ते शिरेतून देण्याची युक्ती योजावी लागली. अशा अनेक अडचणी ओलांडून अमेरिकेत १९९२ साली बीजकोशाच्या आणि १९९४ साली स्तनांच्या कर्करोगासाठी त्यास मान्यता मिळाली. म्हणजे साल गोळा झाल्यापासून बत्तीस वर्षांनी!

तोवर दुसरीच चिंता उभी राहिली होती. साल काढली की वृक्ष मरतो, आणि यू अत्यंत मंद गतीने वाढतो. तेव्हा फ्रान्समध्ये प्येर पोतिए व त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपीय यूच्या पानांतील एका द्रव्यावर रासायनिक संस्कार करून डोसेटॅक्सेल हे त्याच कुळातील औषध सिद्ध केले. पाने पुन्हा फुटतात, वृक्ष वाचतो. हिमालयातील यू, ज्याला तिकडे थुनेर म्हणतात, तो मात्र तोडीमुळे आज संकटग्रस्त वृक्षांत गणला जातो.

हळदीचे काय, असे कोणी विचारील. हळदीतील करक्युमिन प्रयोगशाळेतील काचपात्रात कर्करोगाच्या पेशी मारते, हे खरे. पण पोटात घेतल्यावर त्यातील फारच थोडा अंश रक्तात पोहोचतो. स्तनांचा कर्करोग त्याने बरा होतो, हे रुग्णांवरील परीक्षणांतून सिद्ध झालेले नाही. काचपात्रातील पेशी आणि माणसाचे शरीर यांत मोठे अंतर आहे. टॅक्सॉलला ते ओलांडता आले; शेकडो आशादायक द्रव्ये वाटेतच थांबली.

आणि ज्या यूने हे औषध दिले, त्याची पाने कोणी तशीच चघळली तर हृदय बंद पडून मृत्यू येऊ शकतो. त्याच झाडात विष आहे आणि औषधही आहे. ते वेगळे काढणे, शुद्ध करणे, मोजून देणे यासाठीच तर तीन दशके खर्ची पडली. सदाफुली अंगणात अवश्य फुलावी. तिचा काढा मात्र करू नये. स्तनातील गाठ हाताला लागताच स्त्रीने, आणि तिच्या घरच्यांनी, प्रथम रुग्णालयाची वाट धरावी. वनस्पतींनी दिलेले खरे औषध तेथेच तिची वाट पाहत आहे.