यादी कोणत्या फाइलीत ठेवावी?

वाचनालयाच्या सभासदांची यादी संगणकात ठेवायची तर सर्वांत सोपा प्रकार सीएसव्ही. एका ओळीत एक सभासद, रकान्यांच्या मध्ये स्वल्पविराम. पत्त्यातच स्वल्पविराम असला, की रकाने तुटतात. म्हणून "१२, शनिवार पेठ, पुणे" असा मजकूर दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचा.

खरा घोळ वेगळाच आहे. सीएसव्हीत आकडा कुठला आणि मजकूर कुठला, हे कुठेच लिहिलेले नसते. फाइल उघडणारा प्रोग्राम अंदाज बांधतो. एक्सेल पुण्याच्या ०२० या फोन कोडचे सरळ २० करते. 'मार्च१', 'सेप्ट१' या मानवी जनुकांच्या नावांच्या तर तारखा झाल्या, आणि त्या चुका छापील शोधनिबंधांसोबतच्या तक्त्यांत शिरल्या. अखेर २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने ती नावेच बदलली! एका अंदाजापायी विज्ञानाला माघार घ्यावी लागली, याचे मला फार वाईट वाटते.

जेसन या दुसऱ्या फाइल-प्रकारात "०२०" अवतरणात लिहिले की तो मजकूरच राहतो. सभासदाने नेलेली चार पुस्तकेही त्याच्याच नोंदीत बसतात. टिपा लिहायची सोय मात्र नाही. ती यॅमल या आणखी एका प्रकारात आहे, म्हणून माणसाने हाताने बदलायच्या सेटिंग्जसाठी मी यॅमल निवडेन.

साध्या यादीला सीएसव्ही पुरते. फक्त ती यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात साठवा, म्हणजे देवनागरी शाबूत राहील. आणि एक्सेलमध्ये थेट न उघडता इम्पोर्ट करून फोनचा रकाना आधीच 'टेक्स्ट' ठरवा.