बिऱ्हाड मागे, मांजर पुढे

हॅम्बुर्गहून म्युनिकला बिऱ्हाड हलवायचे तर रस्त्याने साधारण 780 किलोमीटर. जर्मनीच्या ऑटोबानवर वेगाला मर्यादा नाही, ही आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाणारी गोष्ट. तेव्हा सकाळी निघून दुपारच्या चहाला पोहोचू, असा हिशेब सहज मांडला जातो. गाडीमागे ट्रेलर जोडला की तो कोलमडतो, कारण ट्रेलर ओढणाऱ्या मोटारीला तिथे ताशी 80 किलोमीटरचे बंधन आहे. टायर सहा वर्षांच्या आतले, ट्रेलरचे वजन गाडीच्या वजनाशी ठरलेल्या प्रमाणात, अशा अटी पुऱ्या करून मागे ‘100’चा अधिकृत स्टिकर लागला असेल तरच शंभर. म्हणजे कुठेही कोंडी लागली नाही तरी पावणेदहा तास, आणि दर दोन तासांनी थांबायचे म्हटले की बारा. त्यात ए-7 वर कासेलजवळचे चढउतार आहेतच. माणूस बारा तास कसेही काढेल. पिंजऱ्यातल्या मांजराचे काय, हा प्रश्न खरे तर सगळ्यात आधी सोडवायला हवा, पण तो बहुधा सामान भरून झाल्यावर आठवतो.

मग कुणीतरी सुचवते, ट्रेलरमध्ये सोफ्याशेजारी जागा आहे, कुत्र्याला तिथेच बसवू. माझ्या मते हे करूच नये. जर्मन वाहतूक नियमांनुसार मोटारीमागच्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसांना बसून प्रवास करता येत नाही. कुत्र्याची गणना मात्र हेच नियम मालात करतात आणि तो नीट बांधलेला असावा, एवढेच पाहतात. गंमत अशी की त्याच देशाच्या नागरी संहितेत प्राणी म्हणजे वस्तू नव्हेत, असे 1990 पासून लिहिलेले आहे. माणसाला ज्या कारणाने मनाई आहे ते कारण कुत्र्यालाही लागू पडते. जड सामान ॲक्सलवर नीट बसले नाही तर ट्रेलर डोलू लागतो आणि कपाट सरकते. मागे काय चालले आहे ते चालकाला दिसत नाही, ऐकूही येत नाही. उन्हाचा धोका तर वेगळाच. बाहेर 20 अंश असताना उन्हात उभी असलेली बंद मोटार तासाभरात 46 अंशांच्या आसपास तापते. बिनखिडकीच्या सामानाच्या पेटीत याहून बरे काही घडेल, असे मानायला आधार नाही.

घोडे ट्रेलरमधूनच जातात ना, असे कोणी म्हणेल. जातात. पण तो ट्रेलर घोड्यासाठीच बांधलेला असतो. त्यात रबरी फरशी, छातीशी आडवा दांडा, मधला पडदा आणि हवेसाठी झरोके असतात, आणि सोबत फ्रीज नसतो. शिकारी आणि स्लेजवाले कुत्र्यांसाठी हवेशीर कप्प्यांचे ट्रेलर वापरतात, तेही असेच. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: गाडी माणसांनीच भरली तर? तर सामान आणि प्राणी वेगवेगळ्या दिवशी न्यावेत, किंवा घरातल्या एकाने प्राण्याला घेऊन रेल्वे गाठावी. आयसीई या वेगवान गाडीने हे अंतर सुमारे सहा तासांचे आहे. पिंजऱ्यातल्या लहान प्राण्याला तिकीट लागत नाही. मोठ्या कुत्र्याला तिकीट, दोरी आणि तोंडाला जाळी लागते. एकट्या मांजरासाठी मोटारीपेक्षा हाच मार्ग मला बरा वाटतो. मोटारीनेच न्यायचे असेल तर लहान पिंजरा पुढच्या सीटमागे, पाय ठेवायच्या जागेत घट्ट बसवावा. मोठा पिंजरा डिकीत, मागच्या सीटच्या पाठीला टेकवून आडवा ठेवावा.

कागदपत्रे लवकर हातात घ्यावीत. भारतीय परवाना तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून सहाच महिने चालतो. जर्मनीचा साधा ‘बी’ परवाना 750 किलोपर्यंतच्या ट्रेलरला पुरतो. त्याहून जड ट्रेलर असेल तर गाडी आणि ट्रेलर मिळून परवानगीचे एकूण वजन 3500 किलोंच्या आत हवे. भाडेकरारातली कुत्र्या-मांजरांवरची सरसकट बंदी सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 2013 मध्ये अवैध ठरवली, तरी घरमालकाशी आधी बोललेले बरे. कुत्र्याची जात मात्र ट्रेलर ठरवण्याआधीच तपासा. याचे नियम राज्यागणिक बदलतात: लोअर सॅक्सनीत जातींची यादी नाही, म्युनिकच्या बव्हेरियात आहे, आणि यादीतल्या काही जाती पाळायला तिथे खास परवानगी लागते. पोहोचल्यावर दोन आठवड्यांत नव्या पत्त्याची नोंद करावी लागते, आणि कुत्रा असेल तर नव्या गावाचा कुत्रा-करही भरावा लागतो. मांजरावर कर नाही.