दोन ओढींच्या मध्ये

श्रोतेहो, बऱ्याच वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी गुरुत्वाकर्षण शिकवत होतो. एका मुलीने विचारले, "सर, पृथ्वी आणि चंद्र यांच्या बरोबर मध्यावर एखादी वस्तू सोडली, तर ती कोणाकडे जाईल?"

आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. पृथ्वी आणि चंद्र यांच्यातले सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर. न्यूटनचा नियम सांगतो की, ओढ वस्तुमानाच्या सम प्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. मध्यावर दोन्ही अंतरे सारखीच. पण पृथ्वीचे वस्तुमान चंद्राच्या सुमारे ८१ पट, म्हणून तिची ओढही ८१ पट. वस्तू १०० किलोची असेल, तर पृथ्वी तिला १.०८ न्यूटन बलाने ओढते आणि चंद्र ०.०१ न्यूटनने. दिशा विरुद्ध, म्हणून वजाबाकी करायची. उरले १.०७ न्यूटन, तेही पृथ्वीकडे.

मग दोन्ही ओढी सारख्या कुठे होतील? ८१ म्हणजे नवाचा वर्ग. तेव्हा ती जागा चंद्रापासून जितकी दूर, त्याच्या नऊपट पृथ्वीपासून दूर हवी. वाटेचे दहा भाग करा, नऊ भाग पुढे जा. पृथ्वीपासून सुमारे ३,४६,००० किलोमीटरवर या दोघांपुरती बेरीज शून्य होते. सूर्याची ओढ या हिशेबात धरलेली नाही.

मुलीने पुन्हा हात वर केला. "म्हणजे अंतराळवीर तिथे पोहोचल्यावरच तरंगतात?" मी बेधडक "हो" म्हणालो.

श्रोतेहो, ते उत्तर चूक होते. ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाच्या कादंबरीतही हीच चूक आहे. ती वाचताना मला माझी उमगली. इंजिन बंद झाले की यान आणि आतली माणसे एकाच ओढीने, एकाच प्रमाणात खेचली जातात. पायाखालची जमीन पायांना रेटतच नाही, आणि वजन जाणवते ते त्या रेट्यामुळे. डिसेंबर १९६८ मध्ये अपोलो ८ चे तिघे अंतराळवीर या बिंदूच्या कितीतरी आधीपासून तरंगत होते. बल शून्य होणे वेगळे आणि वजन न जाणवणे वेगळे.

चूक उमगली तेव्हा तो वर्ग शाळा सोडून गेला होता. ती मुलगी आज कुठे असेल, ठाऊक नाही. रेडिओ ऐकत असेल, तर तिने आपल्या वहीतले ते "हो" आता खोडावे.