रांगेतले शून्य का निसटते?

संगणकाच्या स्मृतीत अ‍ॅरे म्हणजे एकमेकांना लागून असलेली घरे. पायथन भाषेतील यादीही तशीच असते. घरांची मोजणी मात्र शून्यापासून. समजा, यादीत ४०, ०, ०, ५५ असे गुण आहेत. शून्य म्हणजे गैरहजर. सरासरी काढण्यापूर्वी शून्ये गाळायची आहेत.

आज्ञावली क्रमाने घरे तपासू लागते. १ क्रमांकाच्या घरात शून्य सापडले, ते काढले. पण घर रिकामे राहत नाही, मागचे सारे आकडे एकेक घर पुढे सरकतात. दुसरे शून्य १ क्रमांकाच्या घरात आले, आणि आज्ञावली तर २ क्रमांकाकडे निघाली! तिथे तिला ५५ भेटतात. संगणक तक्रार करीत नाही, सरासरी ४७.५ ऐवजी सुमारे ३१.७ सांगून मोकळा होतो. शून्ये शेजारी नसती, तर उत्तर बरोबर आले असते व चूक लपली असती. हे अधिक घातक.

तपासणी शेवटच्या घरापासून उलटी करून पाहा. आता सरकतात ते तपासून झालेलेच आकडे. श्रम मात्र उरतातच: हजार नोंदींतील पहिली काढली, की ९९९ हलवाव्या लागतात. यादी मोठी असेल, तर हव्या त्या नोंदी नव्या यादीत उतरवून घेणे बरे.