हंगेरीतली डॉ. आंबेडकर शाळा: फोटोच्या पलीकडे काय आहे?

भीमजयंती जवळ आली की हंगेरीतले फोटो आपल्या मोबाइलवर फिरू लागतात. युरोपातली एक शाळा, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि समोर ‘जय भीम’ म्हणणारी मुले. आपण अभिमानाने ते पुढे पाठवतो, ‘बाबासाहेब जगभर पोहोचले’ असे खाली लिहितो आणि विषय तिथेच संपतो. ही मुले कोण आहेत? त्यांना वेगळी शाळा का काढावी लागली? त्या शाळेत पास होणे म्हणजे नेमके काय? हे समजून घेतले तर त्या फोटोचा अर्थ बदलतो. आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेकडे आणि गुणगौरव सोहळ्याकडेही आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. म्हणून हा लेख.

रोमा कोण आहेत?

हंगेरीच्या ईशान्येला बोर्शोद नावाचा जिल्हा आहे. तिथल्या शायो नदीच्या खोऱ्यात शायोकाझा हे गाव आहे. २००७ साली इथे डॉ. आंबेडकर यांच्या नावाने माध्यमिक शाळा सुरू झाली. या शाळेत शिकायला आली ती प्रामुख्याने रोमा समाजाची मुले. युरोपात त्यांना हिणवण्यासाठी ‘जिप्सी’ म्हटले जाते.

रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. याचा सर्वात भक्कम पुरावा त्यांची भाषा देते. रोमानी भाषेत कानाला ‘कान’, पाण्याला ‘पानी’, माणसाला ‘मानुष’ आणि काळ्याला ‘कालो’ म्हणतात. मराठी माणसाला हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. मात्र हंगेरीतल्या बहुतेक रोमांच्या घरात आज हंगेरियन भाषाच बोलली जाते. भाषा सुटण्यामागेही इतिहास आहे. १८व्या शतकात मारिया तेरेसा या सम्राज्ञीने रोमांची भटकंती बंद केली, त्यांना ‘नवे हंगेरियन’ असे नाव दिले आणि मुलांना आईबापांपासून तोडून इतर घरांत वाढवण्याचे हुकूम काढले. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंबरोबर रोमांचाही संहार केला.

युद्धानंतरच्या साम्यवादी काळात बोर्शोदच्या खाणींत आणि ओझ्द शहराच्या पोलाद कारखान्यात रोमांना मजुरी मिळाली. १९८९ नंतर कारखाने बंद पडत गेले आणि सर्वात आधी नोकरी गेली ती त्यांचीच. कारखान्यातल्या हमालीला शिक्षण लागत नव्हते. कारखाना गेल्यावर लक्षात आले की हातात एकही प्रमाणपत्र नाही. गावाच्या कडेला वस्ती, रोजगार नाही, आणि पुढची पिढी शाळेत मागे पडलेली. हे चित्र आपल्याला अनोळखी नाही.

शाळेत बसूनही शाळेबाहेर

रोमा मुलांना शाळेत प्रवेशच मिळत नाही, असे नाही. प्रवेश मिळतो, पण कोणत्या वर्गात आणि काय शिकायला, हा खरा प्रश्न आहे.

पहिला मार्ग ‘मतिमंद’ ठरवण्याचा. लहान वयात चाचणी घ्यायची, गरीब घरातल्या मुलाला त्यातले प्रश्न परके वाटले की शिक्का मारायचा आणि त्याला विशेष शाळेत पाठवायचे. तिथला अभ्यासक्रम सोपा केलेला असल्याने पुढची दारे आपोआप बंद होतात. अशा दोन रोमा तरुणांनी दाद मागितली. २९ जानेवारी २०१३ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की हंगेरीने त्यांच्याबाबत भेदभाव केला आणि त्यांचा शिक्षणाचा हक्क डावलला.

दुसरा मार्ग एकाच इमारतीत वेगळे बसवण्याचा. ज्योंज्योशपाता या गावातल्या शाळेत रोमा मुलांचे वर्ग वेगळ्या मजल्यावर भरत आणि शिकवणे कमी दर्जाचे असे. प्रकरण वर्षानुवर्षे चालले. अखेर मे २०२० मध्ये हंगेरीच्या सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६० विद्यार्थ्यांना मिळून ९ कोटी ९० लाख फोरिंट भरपाई देण्याचा निर्णय कायम केला. ही भरपाई रोख रकमेत देण्याला देशाच्या पंतप्रधानांनी उघड विरोध केला होता, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे.

वर्गाबाहेर बसून शिकलेल्या भीमाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. सातारच्या त्या वर्गाला आणि ज्योंज्योशपाताच्या त्या मजल्याला जोडणारा धागा वेगळा दाखवायची गरज नाही.

बाबासाहेब तिथे कसे पोहोचले?

तिबोर देरदाक हे समाजशास्त्रज्ञ आणि यानोश ओर्शोश हे रोमा समाजातून आलेले कार्यकर्ते. दोघे आधीपासूनच रोमा मुलांच्या शिक्षणासाठी काम करत होते. रोमांसाठी माध्यमिक शाळा हा विचार हंगेरीत नवा नव्हता. दक्षिणेकडच्या पेच शहरात १९९४ सालीच अशी शाळा निघाली होती आणि तिला गांधींचे नाव देण्यात आले होते.

पुढे एका पुस्तकातून ओर्शोश यांना बाबासाहेबांची ओळख झाली. ज्यांना शतकानुशतके शाळेबाहेर ठेवले त्यांच्यातलाच एक माणूस जगातल्या नामांकित विद्यापीठांत शिकतो, देशाच्या राज्यघटनेला आकार देतो आणि लाखो लोकांसह बुद्धाकडे जातो, ही गोष्ट त्यांना आपलीच वाटली. २००५ आणि २००७ मध्ये ते महाराष्ट्रात आले. इथल्या वस्त्या, विहारे आणि वसतिगृहे त्यांनी पाहिली. त्रैलोक्य बौद्ध महासंघाशी त्यांचा संबंध आला. परतल्यावर त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारून ‘जय भीम’ नावाचा समुदाय उभा केला आणि शाळा सुरू केली. २०१६ च्या भीमजयंतीला तिथे बाबासाहेबांचा अर्धपुतळाही बसला.

या क्रमाकडे लक्ष द्या. शाळा २००७ ची, पुतळा २०१६ चा. पुतळा आला तेव्हा त्याच्यामागे नऊ वर्षांचे शिकवणे होते.

यश कशाला म्हणायचे?

हंगेरीत माध्यमिक शिक्षणाच्या शेवटी ‘एरेत्शेगी’ नावाची परीक्षा असते. आपल्या बारावीसारखीच समजा. हंगेरियन भाषा व साहित्य, गणित, इतिहास, एक परकी भाषा आणि एक आवडीचा विषय, असे पाच विषय. ही परीक्षा झाली तरच विद्यापीठाचे दार उघडते आणि अनेक नोकऱ्यांसाठी अर्ज करता येतो.

चांगल्या घरातल्या मुलाला ही परीक्षा म्हणजे वयाच्या अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी पार करायचा एक टप्पा. रोमा वस्तीत मात्र हे प्रमाणपत्र असलेला माणूस शोधावा लागतो. शायोकाझाच्या शाळेत केवळ सोळा-सतराची मुले आली नाहीत. मध्येच शाळा सुटलेले तरुण आणि प्रौढही पुन्हा वही घेऊन बसले. आठ वर्षे शाळेत जाऊनही ज्यांना अपूर्णांक नीट शिकवले गेले नाहीत, त्यांना एरेत्शेगीच्या गणितापर्यंत न्यायचे हे काम आहे. ते एका वर्षात होत नाही.

परीक्षेची रचना इथे उपयोगी पडते. उन्हाळ्याआधीच्या फेरीत एखादा विषय राहिला तर तो ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या फेरीत देता येतो, आणि सुटलेले विषय सुटलेलेच राहतात. म्हणजे यंदा इतिहास, पुढच्या खेपेला हंगेरियन, मग गणित, अशी एकेक पायरी चढता येते. परक्या भाषेच्या जागी लोवारी ही रोमानी बोली किंवा बेआश ही रोमांमधल्या एका गटाची भाषा घेऊनही परीक्षा देता येते. ज्या भाषेवरून वर्गात चिडवले गेले, त्याच भाषेचे गुण सरकारी कागदावर येतात.

म्हणून अशा शाळेचे यश टक्केवारीच्या यादीत दिसत नाही. मूल कुठून निघाले आणि कुठे पोहोचले, या अंतरावर ते मोजावे लागते. तिसऱ्या प्रयत्नात गणित सोडवणारी तरुण आई आणि शहरातल्या महागड्या शाळेतला पहिल्या क्रमांकाचा मुलगा, यांच्यात जास्त अंतर कोणी कापले?

वर्गाबाहेरचे जग

या शाळेला वस्तीपासून वेगळे होऊन चालणार नव्हते, कारण मुलांची संध्याकाळ वस्तीतच जाते. २००८-०९ मध्ये हंगेरीत रोमांवर ठरवून हल्ले झाले. सहा माणसे मारली गेली. त्यात एक पाच वर्षांचा मुलगा होता. त्यातले दोन हल्ले याच बोर्शोद जिल्ह्यातले. शाळा सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन वर्षे होत होती.

ऑगस्ट २०१३ च्या कडक उन्हाळ्यात जवळच्या ओझ्द शहराच्या पालिकेने सार्वजनिक पाण्याचे काही नळ बंद केले आणि काहींचा दाब कमी केला. घरात नळ नसलेल्या रोमा कुटुंबांना याची सर्वाधिक झळ बसली. देशभर आरडाओरड झाल्यावर पाणी पुन्हा सुरू झाले. १९२७ चा महाड सत्याग्रह ज्यांच्या घरात सांगितला जातो, त्यांना पाण्याचे राजकारण नव्याने शिकवायला नको. अशा ठिकाणी चवदार तळ्याची गोष्ट इतिहासाच्या तासापुरती उरत नाही.

कायद्याचेही फटके बसले. २०११ च्या नव्या धर्मविषयक कायद्याने हंगेरीतल्या शेकडो छोट्या धार्मिक समुदायांची मान्यता गेली. त्यात जय भीम समुदायही होता. मान्यतेबरोबर तिच्याशी जोडलेली सरकारी मदत गेली. २०१४ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हा कायदा धर्मस्वातंत्र्याचा भंग करतो असे म्हटले, पण निकालाने शाळेचे वीजबिल लगेच भरले जात नाही. त्याच सुमारास सक्तीच्या शिक्षणाचे वय १८ वरून १६ वर आणले गेले. ज्या वयात मुलाला थोपवून धरायचे, नेमक्या त्याच वयात त्याला जायची मुभा मिळाली.

वेगळी शाळा म्हणजे पुन्हा वेगळेपणच नाही का?

हा प्रश्न आपल्या तरुणांनी विचारलाच पाहिजे. वेगळे बसवण्याविरुद्ध लढायचे आणि स्वतःच रोमांची शाळा काढायची, हे कसे जुळते? हंगेरीत हा वाद खरोखर झाला आहे. न्यिरेजहाझा शहरात रोमा वस्तीतली एक शाळा एका चर्चने चालवायला घेतली. तिथे व्यवहारात रोमा मुलेच शिकत होती. हक्कांसाठी लढणारी संस्था न्यायालयात गेली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पालकांच्या धर्मनिवडीच्या स्वातंत्र्याचा आधार घेत चर्चच्या बाजूने निकाल दिला. अनेक कार्यकर्त्यांना हा निकाल धोक्याचा वाटला, कारण त्यातून वेगळेपणाला धर्माचे पांघरूण मिळते.

आम्हाला वाटते, उत्तर बाबासाहेबांच्याच कामात सापडते. १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. ते वेगळे होते, पण मुलांना सर्वांच्या शाळेत टिकवून धरण्यासाठी होते. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय. तिथे दारे सर्वांना उघडी होती. निकष सरळ आहे. वेगळी व्यवस्था मुलाला कुठे नेते? सोप्या अभ्यासक्रमाकडे नेत असेल तर तो तुरुंग. सर्वांच्याच परीक्षेकडे, सर्वांच्याच विद्यापीठाकडे नेत असेल तर ती शिडी. शायोकाझाच्या शाळेने आपल्या मुलांसमोर देशातल्या इतर सर्व मुलांचीच परीक्षा ठेवली, वेगळी सोपी परीक्षा नाही. तिचे मोल त्यातच आहे. आणि शिडीची गरज कायम राहावी अशी इच्छा कोणी धरू नये.

आपल्यासाठी याचा अर्थ

जून-जुलैमध्ये आपल्या विहारांत गुणगौरव सोहळे होतात. नव्वद टक्केवाल्यांना शाल, ट्रॉफी आणि फोटो मिळतो. ते योग्यच आहे. पण त्याच वस्तीत नववीनंतर शाळा सुटलेला मुलगा, गणितात राहिलेली मुलगी, लग्नामुळे बारावी अर्धवट टाकलेली सून, यांची यादी आपल्याकडे असते का? पुरवणी परीक्षेचा अर्ज कधी भरायचा, १७ नंबरच्या फॉर्मने बाहेरून परीक्षा कशी देता येते, हे त्यांना कोण सांगते? अभ्यासिकेची चावी संध्याकाळी कोणाकडे असते?

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीतल्या दोन-चार कार्यकर्त्यांनी ही यादी तयार करावी. राहिलेल्या विषयांसाठी आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्ग घ्यावा. आणि पुढच्या सोहळ्यात पुरवणीत पास झालेल्यांनाही त्याच व्यासपीठावर, त्याच शालीने गौरवावे. हंगेरीतल्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रात येऊन आपल्याकडून काही शिकून नेले. आता थोडे आपणही त्यांच्याकडून घेऊ.

पुढच्या एप्रिलमध्ये ते फोटो पुन्हा येतील. ते पुढे पाठवण्याआधी आपल्या वस्तीतल्या यादीत यंदा किती नावे सुटली, हे एकदा पाहू.

जय भीम, नमो बुद्धाय.